तीन वर्षांनंतरचं यकृत

रुग्णालयासाठी दोनपैकी एक स्कॅन यंत्र निवडायचं होतं. चाचणीसाठी तंत्रज्ञ दत्ताराम मिसाळ स्वतःच दोन्हींत झोपले. पहिल्या यंत्राने त्यांचं यकृत स्वच्छ दाखवलं. दुसरं यंत्र तीन वर्षांनंतरचं शरीर दाखवायचं. त्याच्या पडद्यावर यकृतात लिंबाएवढी गाठ होती.

रेडिओलॉजिस्ट डॉ. वैजयंती सबनीस दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

“मॅडम, म्हणजे मी आजारी आहे का?” मिसाळांनी शर्टाची बटणं लावत विचारलं.

“आज नाही.”

“मग उपचार?”

“आज गाठच नाही, तर उपचार कशावर करणार? मलाही कळत नाहीये, मिसाळ.”

मिसाळांनी शेवटचं बटण लावलं. मग म्हणाले, “पहिलंच घ्या. दुसऱ्याने माणसाच्या जिवाला नुसता घोर लागेल.”

सबनीसांना ते पटलं आणि पटलंही नाही. तरी त्यांनी फॉर्मवर पहिल्या यंत्राचं नाव लिहून सही केली. कंपनीची माणसं दुसऱ्या यंत्राच्या वायरी काढायला लागली, तसे मिसाळ घाईघाईने त्यांच्या आडवे आले.

“जरा थांबा, अजून एक स्कॅन राहिलाय,” ते म्हणाले. “माझी बायको घरून निघालीय.”