प्रणय बोलत नाही

"याचं नाव प्रणय. वय चार. खिचडी फार आवडते," अंगणवाडीच्या रसिकाताईंनी सांगून टाकलं. खरं तर नर्स सुचेताने प्रश्न त्यांना नाही, त्यांच्या मांडीवरच्या प्रणयला विचारला होता.

खारी गावात आज पहिल्यांदाच अंगणवाडी, आरोग्य केंद्र आणि पालिकेची शाळा एकत्र बसली होती. गल्ल्या त्याच, मुलं तीच, पण आजवर कोणी कोणाला काही विचारलं म्हणून नव्हतं. पुढच्या वर्षी कोणत्या मुलाला काय लागेल ते आज मिळून ठरवायचं होतं. प्रणयला ठाण्याच्या खास शाळेत बोलायला शिकायला धाडावं, असं रसिकाताईंनीच सुचवलं होतं. त्याला रोज तिथे न्यायचं म्हणून त्याची आई चांदणी जवळच्या हाटकेश भागातल्या कारखान्यातलं काम सोडायला निघाली होती.

रसिकाताईंनी मात्र आता प्रणयला आणखी जवळ ओढलं. "वर्षभर माझ्याकडे आहे. लळा लागलाय हो! गाणी म्हणते, गोष्टी सांगते. भूक लागली, शू लागली, सगळं मीच ओळखते. पण पोराने एक शब्द काढला असेल तर शपथ!"

"ताई, घरी तर तो..." चांदणी म्हणाली.

"आईला तसं वाटतंच गं." रसिकाताईंनी तिच्या पाठीवरून मायेने हात फिरवला.

सुचेता गोंधळली. "हाच ना प्रणय? परवा लस द्यायला घेतला, तर मला म्हणतो, पयले तुमाला टोचा!"

शाळेचे जितेंद्र सर हसायलाच लागले. "अहो, मोठ्या भावाला सोडायला येतो तेव्हा आमच्या वॉचमनशी हिंदीत हुज्जत घालतो. वॉचमन हरतो!"

रसिकाताईंनी दोघांकडे पाहिलं. मग चांदणीकडे. ती हसत जोरजोरात मान डोलवत होती. म्हणजे ठाणं नको, काही नको, पोर इथेच राहणार! आनंदाने त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्यातच हसू-रडू लागल्या.

"मग इथेच का रे गप्प असतोस?" सुचेताने विचारलं.

या वेळी रसिकाताईंचं तोंड पदरातच होतं. प्रणयने मान वर करून रसिकाताईंकडे पाहिलं. जरा थांबला, खात्री करून घेतली.

"ताई थांबतच न्हाय," तो म्हणाला. "माजा नंबरच लागत न्हाय!"