मोटरवरचा हात

हिंगण्याच्या कारखान्यातली ती अजस्र मोटर वेगात आली, की आवाज ऐकून नेमक्या क्षणी भिंतीवरचा खटका ओढणं, हे सत्तावीस वर्षं रुपरावचं काम. क्षण चुकला तर मोटर थरथरून बंद पडायची. आता तिच्या जागी नवी इंडक्शन मोटर बसवली होती. नुसतं बटण दाबलं की झालं.

पहिलं बटण इंजिनिअर चिन्मयीनं त्यालाच दाबायला लावलं. नेहमीसारखा रुपरावचा एक हात मोटरच्या अंगावर होता. चिन्मयीला ती माया वाटायची. मोटर घुमू लागली, तसा दुसरा हात सवयीनं भिंतीकडे गेला. तिथं खटक्याची नुसती भोकं उरली होती.

"वाईट वाटतंय, काका?"

तिच्या ओठांकडे बघत रुपराव म्हणाला, "नाही, मॅडम. मोटर बदला म्हणून अर्ज मीच देल्ला होता. दोन वर्षं झाली, हातानंच ऐकून राहिलो होतो."