नॉर्वेहून परत आलेली कॅसेट

नॉर्वेचा शिक्का असलेलं पाकीट मुक्तानं फोडलं, तसे वडील देवापुढची पूजा सोडून उठून आले. दोन महिने त्यांचा जीव टांगणीला लागला होता. त्यांच्या गुरूंचं, कैलासवासी बुवांचं, शेवटचं कीर्तन एकाच कॅसेटवर होतं, आणि लेबल निघालेली ती कॅसेट लेकीनं कोरी समजून टपालात टाकली होती.

१९९१ साल. तिकडची पोरं तोंडाला काळंपांढरं फासून, देवाला शिव्या घालत, एक नवंच संगीत घरच्या घरी टेप करायची. ब्लॅक मेटल म्हणायची त्याला. आपण कोरी कॅसेट पाठवायची आणि त्यांनी त्यावर गाणी भरून परत धाडायची, असा रिवाज होता.

मुक्तानं भीतभीत कॅसेट लावली. आधी नुसती खरखर. मग बुवांचा आवाज आला, "श्रोतेहो..." वडिलांनी हात जोडले.

सोबतची चिठ्ठी तिनं मराठी करून वाचली. "यावर आमचं काही भरायचा धीर झाला नाही. भाषा कळत नाही, पण शेवटी म्हातारा एकदम गप्प होतो, तेव्हा आमचाही श्वास अडकतो. तिथंच टेप संपते. पुढं काय होतं?"

"सांगायलाच हवं," वडील खुर्ची ओढत म्हणाले. "घे कागद."

"बाबा, देवाचं नाव काढलं तरी चिडतात हो ती."

"चिडू देत की! म्हणून काय आख्यान अर्ध्यावर सोडायचं? लिही. हिरण्यकश्यपूनं खांबाला लाथ मारली, आणि आतून डरकाळी फुटली..."