बोनसची रेषा

"पालकाशी मैदानात भांडायचं नाही, बाई. घरी जायचं, पाणी मागायचं, मग बोलायचं." कबड्डी शिकवणाऱ्या कुंदाताईंना आपल्या जुन्या सरांचे हे शब्द आठवले, तेव्हा त्यांच्या संघातल्या तनुजाला तिचा बाप केस धरून मैदानातून फरफटत नेत होता.

शेवटच्या चढाईत ताईंनी "माघारी ये!" म्हणून बजावलं होतं. बाप बाहेरून "बोनस घे!" म्हणून ओरडला. पोरीनं बापाचं ऐकलं, जादा गुणासाठी बोनसच्या रेषेपलीकडे पाय टाकला, घोटा पकडला गेला, सामना गेला.

ताई मध्ये शिरल्या आणि बापाचा ठोसा त्यांच्या ओठावर बसला. त्यांचा सोमवारचा निर्जळी उपास. तोंडाला पहिली चव लागली ती रक्ताची.

"हाणा रे याला!" बघे धावले. एक खुर्ची त्याच्या पाठीवर मोडली, तशा ताई आडव्या आल्या. "बस्स! लेकीसमोर बापाला मारायचं नाही."

"कबड्डी बंद हिची!" म्हणत बाप निघून गेला. सामना बघायला आलेल्या आईच्या मागून जाताना तनुजानं वळून पाहिलं.

"आजच घरी येते," ताई म्हणाल्या. "तू खेळणार."

संध्याकाळी तिचे विसरलेले बूट पिशवीत घालून त्यांनी स्कूटर काढली. उपास त्या घरच्या पाण्यानंच सोडायचा होता.