डावा कौल

देवीने तिसऱ्यांदा डावा कौल दिला आणि राजेंद्रने कपाळावरचा घाम पुसला.

डावा म्हणजे नाही. पोलादपूरच्या डोंगरातल्या या गावात शेंबड्या पोरालाही ते ठाऊक. गणू गुरव सोमजाईच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायचा, गाऱ्हाणं घालायचा, आणि जे फूल आधी पडेल ते देवीचं उत्तर. आजचा प्रश्न साधा होता. जुनं लाकडी देऊळ पाडून नवं बांधावं का?

राजेंद्र मुंबईकर, देवस्थान समितीचा अध्यक्ष. नवं देऊळ संगमरवरी होणार होतं, लोखंडी जाळीचं आणि कुलपाचं. जुन्यात फार वर्दळ, असं त्याचं म्हणणं. खोटंही नव्हतं ते. पुरात खालच्या आळीने तिथेच चुली मांडल्या. शाळेचे पत्रे उडाले तेव्हा वर्ग तिथे भरले. गावाची भांडणं तिथे मिटली, सोयरिकी तिथे जुळल्या. अशाने देवीला म्हणे शांतता मिळेना.

"देवीला प्रश्न नीट कळला नाय," राजेंद्र म्हणाला. "गणू, उलटा विचार. जुनं देऊळ ठेवू का, असं विचार."

गणूचा हात थबकला. पण याच राजेंद्रने त्याच्या मुलीला, निशाला, एमआयडीसीत नोकरीला चिकटवलं होतं. त्याने खाली मान घालून फुलं लावली.

"आये, जुनं देऊळ ठेवू काय गो?"

डावं फूल टपकन पडलं.

"झालं! देवीचीच इच्छा!" राजेंद्रने टाळी वाजवली. बाहेर फटाक्यांची माळ तयारच होती. बायकांनी तोंडाला पदर लावले. गणूला देवीच्या नजरेला नजर देववेना.

तेवढ्यात सुंदराबाई उठली. राजेंद्रची आई. ऐन पावसाळ्यात तिला कळा लागल्या, तर दवाखान्याच्या वाटेवर घाटात दरड आणि घराकडे परतायच्या रस्त्यावर पाणी. तेव्हा ती याच सभामंडपात बाळंत झाली होती. ते बाळ आता अध्यक्ष होतं.

"गणू, माझंबी एक गाऱ्हाणं घाल. राजेंद्राला अध्यक्ष ठेवायचा काय, इचार."

"आई, हे काय भलतंच!"

"तू गप ऱ्हा. इचार रे गणू."

गणूने फुलं भिजवली. या खेपेला त्याची मान वर होती. गाऱ्हाणं पुरतं तोंडातून निघालंही नाही, तोच डावं फूल खाली आलं.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. राजेंद्र लालेलाल झाला.

"असं कुठं असतं काय? दगडावरून एक फूल पडलं म्हणून गावाचे निर्णय होतात?"

सुंदराबाईने लाकडी खांबाला पाठ टेकली आणि सावकाश पाय पसरले.

"नाय ना होत? मंग देऊळबी ऱ्हायलं."