कारणाचा रकाना

अकरा वाजून दहा मिनिटं झाली आणि काटा हलला. आजचा तेविसावा दिवस.

तिने दुर्बिणीवरचा डोळा काढला नाही. मोजपट्टीवर काटा दाराकडे सरकला, थांबला, पुन्हा सरकला, थांबला. साडेतीन रेघा. मग तिथेच राहिला.

पृथ्वीचं चुंबकत्व मोजायची ही खोली अख्खी लाकडी, खिळेसुद्धा तांब्याचे. आत लोखंडाची टाचणी चालत नाही. शंभर पावलांवर फाटक, तिथे एक पेटी. किल्ल्या, पट्टे, केसांतल्या पिना, सगळं तिच्यात उतरवून मगच आत यायचं. सूर्यावर वादळ उठलं तरी या काट्याला कळतं आणि कुणी खिशात चावी विसरलं तरी कळतं. त्याला लहानथोर काही नाही.

चुकार लोखंड होतं ते फक्त बाबांचं. तरुणपणी कारखान्यात त्यांच्या गुडघ्यात एक कपची घुसली ती तिथेच राहिली. खोलीचे प्रमुख असूनही ते उंबरा ओलांडत नसत. रोज अकरा-दहाला लंगडत दाराशी यायचे आणि विचारायचे, "काय म्हणते पृथ्वी?" काटा साडेतीन रेघा दाराकडे जायचा. मग नोंदवही मागून घेऊन, शेवटच्या रकान्यात ते स्वतः लिहायचे, "कारण: मी." लिहून झालं की निघायचे आणि काटा जागेवर यायचा.

"रकाना रिकामा ठेवायचा नाही," ते बजावायचे. "आणि खोटा तर त्याहून नाही."

बाबांना जाऊन महिना झाला होता. त्यानंतरच्या आठवड्यापासून तेवीस रकाने रिकामे होते, आणि मुख्य कचेरीचं पत्र तिच्या टेबलावर पडलं होतं. काट्याला रोज बसणाऱ्या धक्क्याचं कारण आजच्या आज कळवा, नाहीतर खोली बंद. तीस वर्षांची सलग नोंद, एका सहीने खलास. तिला रडू येत होतं आणि राग त्याहून जास्त.

ती उठली आणि आज पहिल्यांदाच, काटा झुकलेला असतानाच बाहेर पडली. दारात कुणी नव्हतं. खोलीला वळसा घालून ती मागे गेली.

मागच्या भिंतीला टेकून आई बसली होती. मूठ घट्ट मिटलेली.

"आई! तू इथे?"

"रोजच येते." आईने मूठ उघडली. आत काळी पडलेली, नखाएवढी कपची. "त्यांच्या राखेत सापडली. तुला सांगितलं असतं तर पेटीत टाकायला लावली असतीस."

"लावलीच असती! अगं, तेवीस दिवस मी चौकीदाराचे बूट तपासतेय!"

काखेत कळसा नि गावाला वळसा. ती हसत सुटली, मग हसता हसता रडली. आईला तिने फाटकाशी नेलं, कपची स्वतःच्या हाताने पेटीत ठेवली, झाकण लावलं. खोली वाचली होती.

"चल, आता आत बस. सगळं लोखंड इथे सोडलंस तर तुलाही मनाई नाही."

आई पहिल्यांदाच आत आली आणि काचेतल्या त्या बारीक काट्याकडे बघत राहिली. "एवढंसं हे? आणि पृथ्वीचं ओळखतं?"

"पृथ्वीच्या पोटात वितळलेलं लोखंड घुसळतं, त्याचं ओळखतं." वही उघडता उघडता ती म्हणाली. "पण नुसतं घुसळून भागत नाही, बाबा सांगायचे. आधी कुणीतरी चिमूटभर चुंबकत्वाचं विरजण लावावं लागतं. पृथ्वीला सूर्याने लावलं असेल, सूर्याला आधीच्या ताऱ्यांनी."

"आणि सगळ्यात पहिलं?"

"ते नक्की कुणालाच ठाऊक नाही. जाणारा थोडं मागे ठेवून जातो, एवढंच म्हणायचे."

तिने लिहिलं, "कारण: लोखंडाची कपची, आता दूर केली." काटा जागेवर आल्याची वेळ टाकायला म्हणून तिने दुर्बिणीला डोळा लावला.

काटा दाराकडेच होता. साडेतीन रेघा.

तिने पट्टी पुन्हा वाचली. कपची शंभर पावलांवर पेटीत होती. आणि मघाशी होती तीसुद्धा मागच्या भिंतीशी. कपचीने ओढलं असतं तर काटा मागच्या भिंतीकडे वळला असता.

"आई, तू रोज मागेच बसायचीस? दाराशी कधीच नाही?"

"दाराशी कशाला बसू? ती त्यांची जागा." आईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे. उंबऱ्यावर ऊन होतं. बाकी काही नव्हतं. "का गं? हलला नाही का अजून?"

"दाराकडेच आहे."

आई घाबरली नाही. पदर सारखा केला, दाराशी कुणाला जागा करून द्यावी तशी बाजूला सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "मग लिही ना गं नीट. किती वेळ ताटकळत ठेवशील? गुडघा दुखतो त्यांचा."

टेबलावर कचेरीचं पत्र होतं. कपची लिहिली तर खोली राहणार होती. कुणी विचारलंही नसतं.

तिने ती ओळ खोडली. अक्षर वाचता येईल असं काढलं, "कारण: बाबा." आणि दुर्बिणीत पाहिलं.

काटा सरकला, थांबला. सरकला, थांबला. लंगडत लंगडत आपल्या जागी गेला.