कुंकवाला मनाई

संगणकाच्या चिप बनवणाऱ्या प्रयोगशाळेची फरशी गोजराबाई सहा वर्षं पुसत होती. आत धुळीचा कणही चालत नसे, म्हणून दारातच ती रोज कपाळावरचं कुंकू पुसायची. त्यावरून सासूने अबोला धरला, तरीही.

सरकारी अनुदानाचा पुढचा हप्ता ठरवायला साहेब आले, ते हळदकुंकू आणि कापूर घेऊनच.

"साहेब, आत हे चालत नाही," गोजराबाई म्हणाली.

"बाई, देशाचं काम आहे. मशीनची पूजा नको?"

प्रयोगशाळेचे प्रमुख कानडे सर दार उघडून बाजूला झाले. हप्ता साहेबांच्याच हातात होता. कापराचा धूर छतापर्यंत गेला.

त्या खेपेच्या सगळ्या चिप वाया गेल्या. महिन्याभरात साहेबांच्या सहीचं पत्र आलं: काम दिसत नाही, अनुदान बंद.

शेवटचा केर काढायला गोजराबाई कुंकवासकट आत गेली. कुणी अडवलं नाही.